मेलबर्न म्युझियममधला फार लॅप : काचेच्या पेटीपुढे थांबण्याआधी

मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत भारतातून आईवडील आले की त्यांना दाखवायच्या ठिकाणांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. ग्रेट ओशन रोड होतो, फिलिप आयलंडचे पेंग्विन होतात, एमसीजीला बाहेरून का होईना पण एक फेरी होते, आणि पावसाची झड लागलेल्या एखाद्या दिवशी मेलबर्न म्युझियम होते. तिथे ट्रायसेराटॉप्सचा सांगाडा पाहून झालेला असतो, मुले कंटाळलेली असतात, मोठ्यांचे पाय बोलू लागलेले असतात, आणि अशा अवस्थेत ‘मेलबर्न स्टोरी’ या दालनातल्या मंद उजेडात, काचेच्या पेटीत उभ्या असलेल्या एका तांबूस घोड्यापुढून मंडळी एक फोटो काढून पुढे सरकतात. हा अभिप्राय त्या एका घोड्याविषयी आहे. त्याचे नाव फार लॅप; १९३० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातली मैदाने गाजवलेला हा शर्यतीचा घोडा. माझे स्पष्ट मत असे आहे की बाकी काहीही न पाहता केवळ त्याच्यासाठी या म्युझियमचे तिकीट काढले तरी पैसे वसूल होतात. अट एवढीच की त्याच्या कारकिर्दीची थोडी ओळख करून घेऊन त्याच्यापुढे जाऊन उभे राहावे.

आधी जाण्यायेण्याविषयी. म्युझियम शहराच्या मध्यभागाला लागूनच, कार्लटन गार्डन्समध्ये, जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या रॉयल एक्झिबिशन बिल्डिंगच्या पाठीला आहे. ८६ आणि ९६ क्रमांकाच्या ट्राम जवळ सोडतात, सिटी सर्कल ही विनामूल्य ट्रामही थांबते, आणि पार्लमेंट स्टेशनवर उतरून चालत येणेही अवघड नाही. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ अशी वेळ असते. १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट पडत नाही, आणि चाकाची खुर्ची लागणाऱ्या ज्येष्ठांनाही आत सगळीकडे फिरता येते. शाळांच्या सहली सकाळच्या वेळी येतात, म्हणून शांतपणे पाहायचे असेल तर दुपारी दोननंतर जावे, आणि शक्य झाल्यास क्रम उलटा करून फार लॅपपासूनच सुरुवात करावी. थकलेल्या डोळ्यांनी पाहण्याची ही गोष्ट नाही.

दालनात उजेड मुद्दाम कमी ठेवलेला आहे, कारण जे आपण पाहतो ते १९३२ साली मेलेल्या घोड्याचे खरे कातडे आहे आणि प्रखर प्रकाशात त्याचा रंग उडत जाईल. डोळे सरावेपर्यंत थांबावे लागते. मग पहिली जाणवते ती उंची. घोड्याची उंची खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत मोजतात आणि ती ‘हँड’ या मापात सांगतात. एक हँड म्हणजे चार इंच. फार लॅप सतरा हँड आणि वर एक इंच होता, म्हणजे सुमारे १७५ सेंटिमीटर. याचा अर्थ आपल्यापैकी पुष्कळांची नजर त्याच्या पाठीच्या रेषेवरूनही पलीकडे जात नाही, आणि मान व डोके त्याच्याही वर उरते. मराठ्यांच्या फौजांनी ज्यांच्यावर मजला मारल्या ती भीमथडीची तट्टे बुटकी, काटक आणि कमी चाऱ्यावर निभावणारी होती. घोडा म्हटल्यावर आपल्या मनात जी आकृती येते ती बहुतेक वेळा तिथूनच आलेली असते, आणि म्हणून हे जनावर पाहताना क्षणभर ते खरे वाटत नाही.

ते खरे वाटावे यासाठी ज्यांनी कष्ट घेतले त्यांच्या कामाची दाद द्यायलाच हवी. कातडे मढवण्याचे काम न्यूयॉर्कच्या जोनास ब्रदर्स या नामांकित कारागिरांनी केले. घोडा धावताना किंवा उधळताना दाखवण्याचा मोह त्यांना सहज झाला असता, परंतु त्यांनी तो चारही पाय जमिनीवर रोवून, मान उंच करून, कान टवकारून शांत उभा केला आहे. त्याच्या अंगावर खोगीर नाही, लगाम नाही. जवळ जाऊन पाय आणि चेहरा पाहावा; कातड्याखालच्या शिरांची नक्षी तिथे इतकी नेमकी उमटवलेली आहे की शर्यतीहून परतल्यावर अंग पुसून, खरारा करून नुकताच आणून उभा केला असावा असे वाटते. एकाच जागी उभे न राहता बाजू बदलून पाहावे, म्हणजे छातीची खोली आणि मागच्या पायांवरचे मांसल पुठ्ठे यांचा अंदाज येतो. काचेवर प्रतिबिंबे पडतात, म्हणून फोटोच्या नादी फार न लागता डोळ्यांनी पाहणे उत्तम. १९३३ च्या सुमारास तो मेलबर्नमध्ये लोकांना पाहण्यासाठी ठेवला गेला आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना घेऊन इथले लोक त्याच्यापुढे येत आले आहेत. ‘हा खरा आहे का?’ असे मुलाने विचारायचे आणि आजीने किंवा आजोबांनी उत्तर द्यायचे, हा संवाद मी तिथे प्रत्येक वेळी ऐकला आहे.

आता कारकिर्दीकडे वळतो, कारण तिच्याशिवाय पेटीतले कातडे हे उत्तम कारागिरीपलीकडे फारसे काही सांगत नाही.

फार लॅप ऑस्ट्रेलियाचा मानला जात असला तरी त्याचा जन्म न्यूझीलंडचा. ४ ऑक्टोबर १९२६ रोजी दक्षिण बेटावरच्या टिमारू गावाजवळ सीडाउन स्टडमध्ये, म्हणजे घोड्यांची पैदास करणाऱ्या फार्मवर, तो जन्मला. बाप नाइट रेड आणि आई एंट्रीटी, आणि दोघांच्याही नावावर मैदानात सांगण्यासारखे यश नव्हते. सिडनीत हॅरी टेलफोर्ड नावाचा एक ट्रेनर होता, ज्याच्याकडे पैसा नव्हता पण वंशावळी वाचण्याची विलक्षण आवड होती. विक्रीच्या यादीत त्याला या शिंगराच्या पूर्वजांत कार्बाइन या जुन्या अजिंक्यवीराचे नाव दिसले, आणि त्याने डेव्हिड डेव्हिस या अमेरिकी व्यापाऱ्याला घोडा विकत घेण्यासाठी राजी केले. जानेवारी १९२८ मध्ये ट्रेंटमच्या लिलावात टेलफोर्डच्या भावाने १६० गिनींना (गिनी हे जुने ब्रिटिश चलन) तो घेतला. घोडा सिडनीत उतरला तेव्हा डेव्हिस तो पाहून संतापला, कारण समोर होते हाडकुळे, बेढब, चेहऱ्यावर चामखिळी असलेले शिंगरू, आणि त्याच्या प्रशिक्षणावर एक पैसाही खर्च करायला त्याने नकार दिला. शेवटी तोडगा निघाला तो असा की टेलफोर्डने घोडा तीन वर्षांसाठी भाड्याने घ्यावा, खाणेपिणे आणि प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने करावे, आणि बक्षिसांतील दोन तृतीयांश रक्कम स्वतःकडे ठेवावी.

टेलफोर्डने घोड्याला खच्ची केले, जेणेकरून त्याची शक्ती केवळ वाढण्यात आणि पळण्यात लागावी. त्या निर्णयाचा एक परिणाम असा की ज्याच्या रक्तासाठी पुढे जगभरच्या स्टड फार्मांनी वाटेल ती किंमत मोजली असती, त्या घोड्याचा वंशच राहिला नाही. मोठमोठे घोडे मेले तरी नातवंडा-पतवंडांच्या रूपाने मैदानात पळत राहतात. फार लॅपच्या बाबतीत ती सोय नाही, आणि म्हणून म्युझियममधल्या या पेटीला इतर कोणत्याही घोड्याच्या पुतळ्यापेक्षा जास्त महत्त्व आहे.

सुरुवात निराशाजनक होती. फेब्रुवारी १९२९ मध्ये रोझहिलच्या मैदानावर पहिल्या शर्यतीत तो सर्वांत शेवटी आला, आणि पहिला विजय मिळायला एप्रिल उजाडला. त्यानंतर मात्र काही महिन्यांतच चित्र पालटले. त्याच वर्षी त्याने रोझहिल गिनीज, सिडनीची डर्बी आणि मेलबर्नची व्हिक्टोरिया डर्बी अशा तीन वर्षांच्या घोड्यांच्या मोठ्या शर्यती जिंकल्या, आणि नोव्हेंबरमध्ये मेलबर्न कप या ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत प्रसिद्ध शर्यतीत तो तिसरा आला. एकूण कारकीर्द ५१ शर्यतींची, त्यांतल्या ३७ जिंकलेल्या, तीनदा दुसरा आणि दोनदा तिसरा. शिवाय पहिल्या काही महिन्यांतले अपयश बाजूला काढले तर तो हरणे ही बातमी व्हावी इतके त्याचे जिंकणे नित्याचे झाले होते.

परंतु मला ज्या गोष्टीसाठी हा अभिप्राय लिहावासा वाटला ती आकड्यांची बेरीज नसून वजन आहे. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सला ज्यांनी हंगाम पाहिला आहे त्यांना हँडिकॅपची पद्धत सांगावी लागणार नाही; इतरांसाठी थोडक्यात सांगतो. हँडिकॅप शर्यतीत अधिकारी प्रत्येक घोड्याच्या कामगिरीवरून तो किती वजन घेऊन पळेल ते ठरवतात. जॉकी आणि खोगीर मिळून तेवढे वजन होत नसेल तर खोगिराच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या भरतात. चांगल्या घोड्याला जास्त भार आणि सामान्य घोड्याला कमी, म्हणजे तत्त्वतः सर्वांनी एकाच वेळी रेषा ओलांडावी अशी ती रचना. मेलबर्न कप ही अशी हँडिकॅप शर्यत आहे, आणि तिचे अंतर दोन मैल, म्हणजे आजच्या हिशेबात ३२०० मीटर. एवढ्या अंतरावर एकेक किलो शेवटच्या सरळ रस्त्यावर घोड्याच्या पायांत उतरतो.

१९३० च्या मेलबर्न कपमध्ये चार वर्षांच्या फार लॅपवर ९ स्टोन १२ पौंड, म्हणजे सुमारे ६२.५ किलो वजन होते. अलीकडच्या वर्षांत सर्वांत वरच्या घोड्यालाही सहसा ६० किलोच्या आतच वजन मिळते हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा अर्थ कळतो. एवढे असूनही लोकांचा विश्वास असा की त्याचा भाव ८ ला ११ होता. आठ पौंड मिळवायला अकरा पौंड लावायचे. मेलबर्न कपच्या इतिहासात इतक्या कमी भावाचा, म्हणजे लावलेल्या रकमेपेक्षाही कमी नफा देणारा, फेवरिट त्याच्याशिवाय दुसरा झालेला नाही. जिम पाइक जॉकी होता. फार लॅपने तीन घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने शर्यत जिंकली; सेकंड विंड दुसरा आणि शॅडो किंग तिसरा आला.

त्या आठवड्याची हकीकत इथे सविस्तर सांगितली पाहिजे. शनिवारी, १ नोव्हेंबरला सकाळी कॉलफील्डला सराव करून टॉमी वुडकॉक हा त्याचा सांभाळ करणारा तरुण त्याला तबेल्याकडे परत नेत असताना मोटारीतून आलेल्या माणसांनी घोड्यावर गोळी झाडली. वुडकॉकने आपले तट्टू मध्ये घालून त्याला वाचवले. यामागे कोण होते हे कधीच सिद्ध झाले नाही. संशय जुगाराच्या धंद्यावर होता, कारण त्या वर्षी अनेकांनी कॉलफील्ड कपला अमूनिस हा घोडा आणि मेलबर्न कपला फार लॅप अशी जोडी लावली होती, अमूनिस जिंकला होता, आणि फार लॅपही जिंकला तर बुकींना प्रचंड रक्कम द्यावी लागणार होती. सकाळी जीव वाचलेला हा घोडा त्याच दुपारी फ्लेमिंग्टनला मेलबर्न स्टेक्स पळाला आणि जिंकला. मग त्याला गीलाँगजवळच्या एका स्टडमध्ये लपवून ठेवण्यात आले. मंगळवारी त्याने कप जिंकला, गुरुवारी लिनलिथगो स्टेक्स जिंकली आणि पुढच्या शनिवारी फिशर प्लेट जिंकली. आठ दिवसांत चार शर्यती, त्यांतली एक दोन मैलांची आणि ६२.५ किलो घेऊन. आजचा ट्रेनर आपल्या उत्तम घोड्याला दोन शर्यतींच्या मध्ये दोन-तीन आठवड्यांची विश्रांती देतो. म्युझियममध्ये पेटीपुढे उभे राहून त्याच्या छातीची रुंदी पाहताना हा आठवडा मनात असेल तर ती रुंदी नुसती रुंदी राहत नाही.

पुढच्या वर्षी अधिकाऱ्यांनी त्याच्यावर १० स्टोन १० पौंड, म्हणजे ६८ किलो वजन चढवले. मेलबर्न कप जिंकणाऱ्या घोड्याने वाहिलेल्या सर्वांत जास्त वजनाचा विक्रम कार्बाइनचा, १८९० सालचा, १० स्टोन ५ पौंड. फार लॅपला त्याहूनही पाच पौंड अधिक दिले गेले. त्या वसंतात तो एकामागून एक शर्यती जिंकत आला होता आणि कॉक्स प्लेट सलग दुसऱ्या वर्षी त्याच्याच नावावर झाली होती, पण कपमध्ये तो आठवा आला आणि व्हाइट नोज जिंकला. मी ही हार त्याच्या कारकिर्दीचा डाग मानत नाही. उलट त्याच्याविषयी रेसिंगच्या अधिकाऱ्यांना काय वाटत होते याची ती सर्वांत स्पष्ट लेखी नोंद आहे. इतर घोड्यांना संधी मिळावी म्हणून त्याच्या पाठीवर किती ठेवावे लागेल याचा हिशेब त्यांनी केला आणि उत्तर ६८ किलो आले. आणि पेटीत आज तीच पाठ रिकामी समोर आहे. खोगिराची जागा, तिच्यामागची कमरेची रेषा आणि तिथून पुठ्ठ्यांकडे जाणारा उतार इथे सावकाश पाहावा.

यानंतरचा प्रवास अमेरिकेचा. टेलफोर्डचा भाडेकरार संपला होता आणि त्याने अर्धा वाटा विकत घेतला होता. पण घोड्याला परदेशी नेण्याची हौस डेव्हिसची होती. बोटीने पॅसिफिक ओलांडून घोडा वुडकॉकबरोबर कॅलिफोर्नियाला पोहोचला आणि २० मार्च १९३२ रोजी मेक्सिकोत, तिहुआनाजवळच्या आग्वा कालिएंते मैदानावर पळाला. ऑस्ट्रेलियातल्या गवताच्या मैदानाऐवजी पायाखाली माती होती, एका खुराला इजा झालेली असल्यामुळे खास आडपट्टीची नाल ठोकलेली होती, वजन १२९ पौंड होते, आणि पाठीवर बिली एलियट हा जॉकी होता. घोडा आरंभी मागे राहिला, मग बाहेरच्या बाजूने एकेकाला मागे टाकत पुढे आला आणि सव्वा मैलाची ती शर्यत त्याने मैदानाच्या विक्रमी वेळेत जिंकली. इतक्या प्रतिकूल गोष्टी एकत्र असताना मिळवलेला हा विजय मला त्याच्या मेलबर्न कपच्या तोडीचा वाटतो. तो त्याचा अखेरचाही ठरला. अवघ्या सोळा दिवसांनी, ५ एप्रिलला, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मेन्लो पार्क इथे वुडकॉक सकाळी तबेल्यात गेला तेव्हा घोडा वेदनेने कासावीस झालेला होता, आणि काही तासांतच तो गेला. त्याचे वय साडेपाच वर्षांचे होते.

म्युझियममध्ये या पेटीपुढे लोकांचे जे बोलणे कानावर येते ते बहुतेक याच विषयाचे असते : विष घातले की नाही. विषय महत्त्वाचा आहे आणि त्यात म्युझियमचाही मोठा सहभाग आहे. आयव्हन केम्पसन आणि म्युझियमचे डर्मॉट हेन्री यांनी या घोड्याच्या आयाळीतले केस शिकागोजवळच्या सिंक्रोट्रॉन या प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर तपासले, आणि मृत्यूच्या आधी ३० ते ४० तासांच्या सुमारास त्याच्या पोटात आर्सेनिकची मोठी मात्रा गेली होती असा निष्कर्ष २००८ मध्ये जाहीर झाला. अडचण अशी होती की कातडी टिकवण्यासाठी त्या काळी आर्सेनिकच वापरत. म्हणून बाहेरून लागलेले आर्सेनिक आणि रक्तातून केसाच्या मुळाशी पोहोचलेले आर्सेनिक यांतला फरक ओळखणे ही खरी शास्त्रीय कामगिरी ठरली. दुसरीकडे, त्या काळच्या ट्रेनरांच्या टॉनिकच्या बाटल्यांत आर्सेनिक आणि स्ट्रिक्नीन ही विषे थोड्या मात्रेत सर्रास असत. टेलफोर्डच्या हातची टॉनिकांच्या कृतींची वही म्युझियमने २००८ मध्येच लिलावात घेतली, आणि तिच्यात तशा कृती आहेत. शिवाय आतड्याच्या तीव्र दाहाने मृत्यू आला असावा असे मानणारेही पशुवैद्य आहेत. म्हणजे विषप्रयोग, टॉनिकची चुकीची मात्रा आणि आजार या तिन्ही शक्यता अजून बोलल्या जातात. माझा आग्रह एवढाच आहे की साडेपाच वर्षांच्या आयुष्यातल्या शेवटच्या दोन दिवसांवर भेटीची सगळी वेळ खर्च करू नये. मुलांना सांगायचे झाल्यास आठ दिवसांतल्या चार विजयांची गोष्ट आधी सांगावी आणि आर्सेनिकची नंतर.

एक शंका घरातल्या ज्येष्ठांकडून येण्याजोगी आहे, आणि तिला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. मराठी मध्यमवर्गीय घरांत रेसच्या घोड्याविषयी आदराने बोलण्याची पद्धत नाही. रेसचा नाद म्हणजे घर बुडणे असेच आपण ऐकत आलो आहोत, आणि ज्यांनी तसे घर पाहिले असेल त्यांना हा घोडा सन्मानाने काचेत उभा असलेला पाहून अवघडल्यासारखे वाटू शकते. त्यांना मी नम्रपणे त्या काळाची आठवण देईन. फार लॅपची सारी कारकीर्द जागतिक मंदीच्या वर्षांतली आहे. १९३२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कामगारांपैकी जवळजवळ एक तृतीयांश बेकार होते. १६० गिनींना घेतलेला, मालकाने नाकारलेला, कर्जबाजारी ट्रेनरने वाढवलेला हा घोडा त्या लोकांना आपला वाटला यात पैजेपेक्षा पुष्कळ मोठे काही होते, आणि ज्यांच्या खिशात लावायला एक शिलिंगही नव्हता तेही त्याच्या शर्यतीची बातमी शोधत. टॉमी वुडकॉकचे नावही याच ठिकाणी घ्यावेसे वाटते. घोडा त्याच्यावाचून खात नसे असे सांगतात. फार लॅप गेल्यावर त्याने स्वतः ट्रेनर म्हणून काम केले आणि १९७७ च्या मेलबर्न कपमध्ये त्याचा रेकलेस हा घोडा दुसरा आला. पेटीपुढे आईवडिलांना हे सांगितले की त्यांचे पाहणे बदलते, हा माझा अनुभव आहे. ऑस्ट्रेलियातून एकोणिसाव्या शतकात ‘वेलर’ जातीचे घोडे बोटी भरभरून हिंदुस्थानच्या लष्करासाठी येत होते, हे सांगितले तर इतिहासाची आवड असलेल्या वडिलांशी पुढचा अर्धा तास गप्पाही रंगतात.

एका गोष्टीविषयी मात्र मला खंत वाटते, आणि ती १९३२ सालच्या निर्णयाची आहे. घोडा मेल्यावर त्याची वाटणी झाली : कातडे मेलबर्नला, हृदय पुढे कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात, आणि सांगाडा जन्मभूमी म्हणून न्यूझीलंडला, जो आज वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात उभा आहे. तीन शहरांचे समाधान झाले, पण एका जनावराचे शरीर कसे काम करत होते हे समजून घेण्याची संधी विखुरली गेली. २०१० मध्ये मेलबर्न कपच्या दीडशेव्या शर्यतीच्या निमित्ताने वेलिंग्टनने सांगाडा काही काळासाठी मेलबर्नला पाठवला आणि कातडे व हाडे शेजारी शेजारी पाहायला मिळाली. हृदय प्रवास सोसण्याइतके धड नसल्याने ते आले नाही. तो प्रयोग पुन्हा व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वेळेचा अंदाज सांगायचा तर एकट्या फार लॅपसाठी अर्धा तास पुरे, आणि ‘मेलबर्न स्टोरी’ हे संपूर्ण दालन, त्यातल्या लिटल लॉन या जुन्या गरीब वस्तीच्या घरांसह, नीट पाहायचे असेल तर दीड तास धरावा. लहान मुलांना घोडा सर्वांत आधी दाखवावा, कारण डायनोसॉरनंतर त्यांना कुठल्याही प्राण्याचे नवल उरत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, मेलबर्न कपच्या दिवशी, शहराला सुट्टी असते. त्याच्या आधीच्या आठवड्यात ही भेट ठरवली तर दूरचित्रवाणीवर ती शर्यत पाहताना जॉकींच्या नावांपुढे लिहिलेले वजनाचे आकडे वाचण्यात अर्थ निर्माण होतो. ज्यांना पुढे जायचे असेल त्यांनी फ्लेमिंग्टनच्या मैदानावरचा त्याचा पुतळा पाहावा. आणि कॅनबेराला जाणे होणार असेल तर आधी मेलबर्नचा घोडा पाहावा व मग राष्ट्रीय संग्रहालयातले हृदय, ज्याचे वजन ६.३५ किलो, म्हणजे साधारण घोड्याच्या हृदयाच्या जवळजवळ दुप्पट, नोंदले गेले आहे. क्रम उलटा झाला तर बरणीतली ती वस्तू केवळ आकाराने मोठी वाटते, ती कोणत्या छातीत बसत होती हे कळत नाही.